जुळ्यातला मोडलेला

मी एक मोडलेला तुकडा बोलतोय. हळहळू नका, त्याची काही गरज नाही. मी सगळ्या वर्गासमोर, टाळ्यांच्या कडकडाटात मोडलो आहे, आणि असं भाग्य धडधाकट वस्तूंच्या वाट्याला क्वचित येतं. माझा एक अर्धा भाग कॉलेजच्या कार्यशाळेत, दारासमोरच्या फळीवर असतो. दुसरा अर्धा एका टपालवालीच्या पिशवीत, पुढच्या कप्प्यात असतो. दोन्हीकडून मीच बोलतोय, तेव्हा आवाज थोडा इकडून तिकडून आला तर सांभाळून घ्या.

मी प्लास्टिकचा. रंगानं काळा, आकारानं साबणाच्या जाडजूड वडीएवढा आणि खाली दोन कान. कान म्हणजे सायकलच्या पेडलला दोन बाजूंनी घट्ट धरणाऱ्या पट्ट्या. पेडलवर बसायचं आणि त्याची उंची वाढवायची, म्हणजे आखूड पाय त्याच्यापर्यंत पोचतो, एवढ्यासाठी माझा जन्म झाला होता. प्रत्यक्षात ते काम माझ्या जुळ्या भावाला मिळालं. सुरुवातीला मला त्याचा भयंकर राग आला होता. आता नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

आधी त्या आखूड पायाची गोष्ट सांगतो. ती माझ्या जन्माआधीची आहे, पण मी संगणकाच्या पडद्यावर नुसतं चित्र होतो तेव्हा समोर बसलेली मुलगी शेजारच्या मैत्रिणीला सगळं सांगायची. चित्रांना कान नसतात असं माणसांना वाटतं. मला तर दोन होते.

त्या मुलीची आई टपाल वाटायची. सायकलवरून. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ती दोनदा घंटी वाजवायची, आणि मग खिडक्या उघडायच्या. कोणाचं पत्र, कोणाचं औषधाचं पार्सल, कोणाचा लेक परदेशातून काय पाठवतो आणि काय पाठवत नाही, सगळं तिला पाठ. तोंडानं फटकळ. "तुमचं आज काही नाही, उद्याही नसेल, जावयाला जरा फोन करा," असं ती उभ्या उभ्या सांगून पुढे जायची, आणि लोक वर तिलाच पाणी विचारायचे.

एके दिवशी एका इमारतीच्या नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून ती घसरली. उजव्या पायाचं हाड मोडलं. ते जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड झाला आणि घोट्यातून पूर्वीसारखा वळेना. डॉक्टरांनी उंच तळाचा बूट दिला. चालायला तो ठीक होता, पण सायकलवर पेडलवरून सटासट घसरायचा. शेजारच्या सुतारानं प्रेमानं लाकडाचा ठोकळा करून दिला. तो इतका जड की पेडल सारखं उलटं व्हायचं आणि ठोकळा खाली तोंड करून लोंबकळायचा. आईनं तो दाराला टेकू म्हणून लावला आणि सुताराला सांगितलं, "छान झालाय हो, दार अजिबात आपटत नाही."

कचेरीत तिला आत बसवलं. शिक्के मारा, टपाल वेगळं करा. पोस्टमास्तर माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. महिनाअखेरीला आवारात भरल्या पिशवीनिशी सायकल चालवून दाखवायची. जमलं तर टपाल वाटायचा भाग तिचा, नाहीतर तो कायमचा दुसऱ्याच्या नावावर आणि ही कायमची आत. "मी बाहेरची बाई आहे," आई घरी म्हणायची. "मला खुर्चीत बसवलं तर चार दिवसांत खुर्चीच कंटाळेल." म्हणताना ती हसायची. पण जेवण अर्धवट टाकून उठायची, हे लेकीनं बघितलं होतं.

लेक म्हणाली, "आई, मी करते काहीतरी."

ही लेक कॉलेजात प्रगत उत्पादन आणि जलद नमुना-निर्मिती असं भारदस्त नाव असलेलं शिक्षण घेत होती. मुलं त्याला नुसतं 'छापखाना' म्हणतात. त्यात कागद छापत नाहीत, वस्तू छापतात. संगणकावर चित्र काढायचं, प्रिंटरला द्यायचं, आणि तो प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर रचत जातो. सकाळचं चित्र संध्याकाळी हातात. खोलीभर कोमट प्लास्टिकचा वास, ओळीनं मांडलेले प्रिंटर, एका कोपऱ्यात धातू कोरणारं यंत्र आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक दणकट लोखंडी दाबयंत्र. त्या दाबयंत्राकडे नवी मुलं बघतही नाहीत. सगळी गर्दी प्रिंटरपाशी. वस्तू जन्माला येताना बघायला सगळ्यांना आवडतं.

लेकीला वर्गात 'घाईबाई' म्हणतात. ती जिना उतरत नाही, घरंगळते. वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करते. आणि तिच्या सरांना सगळे 'मोडतोडसर' म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. सर आधी कारखान्यात होते. त्यांचा एक दंडक होता, आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती: कार्यशाळेतून कुठलीही वस्तू कोणाला वापरायला द्यायची असेल तर ती एकटी छापायची नाही. जुळी छापायची. एकाच तक्त्यावर, एकाच वेळी, एकाच धाग्यातून. मग त्यातली एक दाबयंत्रात घालून मोडायची, आणि ती कुठं, किती भार घेऊन आणि कशी मोडली ते बघूनच दुसरी द्यायची.

"एक चांगली वस्तू मोडायची म्हणजे नासाडी नाही का सर?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतं.

"जी मोडली नाही ती चांगली आहे हे तुला कुणी सांगितलं?" सर विचारतात.

टाप नव्हती म्हणालो खरा, पण घाईबाईनं तो दंडक मोडला. तेव्हाची गोष्ट माझ्या थोरल्या भावाची.

प्रिंटरसाठी रांग होती, महिनाअखेर जवळ येत होती, आणि आईचा चेहरा हिला बघवत नव्हता. हिनं थोरल्याला एकट्यालाच छापलं. तेही उताणं. म्हणजे त्याची पाठ काचेच्या तक्त्यावर टेकलेली आणि दोन्ही कान वर उभे. असं छापलं की काम पटकन होतं, मध्ये जादा प्लास्टिकचा आधार द्यावा लागत नाही, आणि काचेला टेकलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत निघते. छापखान्यातली सगळी नवी मुलं या देखणेपणाला भुलतात. थोरला दिसायला राजबिंडा होता, हे मी कबूल करतो. मी तसा नाही.

घाईबाईनं त्याला दप्तरात घातलं, घरी नेलं, पेडलवर चढवलं. संध्याकाळी गल्लीत खिडक्या उघडल्या. आईनं साडी खोचली, आखूड पाय थोरल्यावर ठेवला, दुसऱ्या पायानं रेटा दिला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कट्‌ असा आवाज आला. थोरल्याचा एक कान मुळापासून सुटला, पाय सरकला, आणि आई सायकलसकट आडवी झाली. चांगल्या पायाचा गुडघा फुटला.

सगळे धावले. आई धुरळा झटकत उठून बसली आणि म्हणाली, "तुझ्या कॉलेजनं माझे दोन्ही पाय सारखे करून दिले बघ." गल्ली हसली. लेकीलाही वाटलं, चला, आई हसतेय.

पण घरात गेल्यावर आईनं सायकलची किल्ली खिळ्याला अडकवली आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "ती घंटी काढून ठेव गं. नुसती राहून गंजेल."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं, असं घाईबाई नंतर मैत्रिणीला सांगत होती. आईनं दोन शिव्या दिल्या असत्या, तर हिनं दोन उत्तरं दिली असती. आईनं तर सगळं सोडूनच दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी हाक मारली. हिनं थोरल्याला एकट्यालाच छापल्याची बातमी त्यांच्या कानावर गेलीच होती. आता बोलणी खायची, अशी तयारी करून ही उभी राहिली. सर म्हणाले, "मोडलेलं कुठंय?"

हिनं दप्तरातून थोरल्याचे दोन तुकडे काढले. सरांनी चष्मा कपाळावर चढवून मोडलेली जागा बघितली. ती जागा सपाट होती, सुरीनं कापल्यासारखी.

"आईला लागलं का?"

"गुडघा फुटला सर."

"हं." सरांनी टेबलावरचं जाड पुस्तक उचललं आणि तिच्या हातात दिलं. "हे मधोमध फाड."

"फाटणार नाही सर."

"मग पानं वेगळी कर."

तिनं बोट घालून पुस्तक उघडलं. पानं सहज वेगळी झाली. आणि मग तिचा चेहराच बदलला. थोरल्याचे कान पानांवर पानं ठेवावीत तसे रचले होते, आणि आईच्या पायाचा ताण त्या पानांना नेमका एकमेकांपासून ओढत होता. थोरला कमकुवत नव्हता. त्याला चुकीच्या बाजूवर जन्माला घातलं होतं.

"कुशीवर झोपवायला हवा होता," ती म्हणाली. "म्हणजे धागा एका कानातून निघून पाठीवरून दुसऱ्या कानात जाईल. एका दमात."

"वेळ जास्त लागेल. अंग खरखरीत निघेल. आधार द्यावा लागेल, तो नंतर खरवडावा लागेल."

"लागू दे."

घाईबाईच्या तोंडून 'लागू दे' हा शब्द वर्गानं पहिल्यांदाच ऐकला असावा. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, हिची तब्येत बघा."

मग तिनं मला काढलं. पडद्यावर, नव्यानं. कानांची मुळं जाड केली, कोपरे गोल केले, बुटाचा तळ बसेल तसा पाठीला उतार दिला, पाय घसरू नये म्हणून वर खाचा आणि पट्ट्यासाठी फटी. पोटात नुसती जाळी ठेवली, म्हणजे सुताराच्या ठोकळ्यासारखा मी जड होणार नाही. आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी कुशीवर निजवून प्रिंटर सुरू केला.

जन्म कसा वाटतो, ते फार थोड्यांना सांगता येतं. मला येतं, कारण माझा थराथरानं झाला. गरम सुई माझ्यावरून एक रेघ ओढायची, मग भावावरून, मग परत माझ्यावरून. आम्ही सारखेच वाढत होतो. मी मनात म्हणत होतो, पेडलवर मीच जाणार. मी रस्ते बघणार, गल्ल्या बघणार, घंटी ऐकणार. भाऊही बहुधा तेच म्हणत असेल, पण तो पहिल्यापासून अबोल.

आम्ही अर्धे झालो असू, तेवढ्यात धाग्याच्या रिळात गाठ पडली. सुई नेमकी माझ्यावर होती. धागा ओढला जाईना, सुई कोरडीच फिरली, आणि माझ्या अंगावर एक बारीक चरी पडली. घाईबाई जागेवरच होती. या खेपेला ती चहालाही गेली नव्हती. तिनं झटकन गाठ सोडवली आणि पुढचे थर नीट बसले. पण चरी राहिली. भाऊ मात्र निर्दोष.

तक्त्यावरून उतरवल्यावर तिनं आम्हाला खरवडलं, घासलं, उजेडात धरलं. माझी चरी बघून तिचा चेहरा पडला.

"सर, दोन्ही परत छापू?"

"कशाला? कसोटी कधी आहे कचेरीत?"

"परवा सकाळी."

"मग प्रश्नच नाही. डाग असलेला दाबयंत्रात. डागवाल्यानं भार घेतला तर बिनडागाचा घेईलच."

झालं. माझ्या नशिबाचा निकाल लागला. भाऊ सायकलवर जाणार, आणि मी त्या कोपऱ्यातल्या लोखंडी राक्षसाच्या तोंडात. तेही कशासाठी, तर रिळातल्या एका गाठीसाठी. त्या दिवशी मी भावाशी एक अक्षर बोललो नाही. तो शेजारी गुपचूप पडून होता. एकदाच म्हणाला, "तुझ्यावरच आहे सगळं." मला ते टोचून बोलल्यासारखं वाटलं.

तिकडे घरी वेगळंच युद्ध चाललं होतं. आई पेडलवर पाय ठेवायला तयार नव्हती. "एकदा पडले, गल्लीनं बघितलं. आता कचेरीसमोर पडू?" घाईबाईनं हट्ट केला नाही. ती एवढंच म्हणाली, "पाय नको ठेवूस. नुसतं बघायला ये. मी तो मोडणार आहे, तुझ्यासमोर."

"मोडताना बघायला येऊ? ते तर मी फुकटात बघितलंय."

"पूर्ण नाही बघितलंस. ये ना."

आली. कसोटीच्या आदल्या दिवशी, कचेरीतून सुटल्यावर, खाकी कपड्यांतच. एका बाजूला कलत चालत ती कार्यशाळेत शिरली, तेव्हा मुलं आपसूक उभी राहिली. तिनं सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "बसा रे. मी काही परीक्षक नाही." मग माझ्यापाशी आली, मला उचललं. तिचा हात पहिल्यांदाच लागला मला. खरखरीत, माझ्यासारखाच. तिचा अंगठा माझ्या चरीवर थांबला.

"याला लागलंय."

"म्हणूनच याला मोडायचं," सर म्हणाले.

"लागलेल्यालाच कामाला लावता होय तुम्ही?" ती म्हणाली. "आमच्या कचेरीत उलटं आहे. लागलं की आत बसवतात."

सर हसले नाहीत. त्यांनी मला एका जुन्या पेडलवर चढवलं, ते पेडल यंत्रात आवळलं, आणि सांगितलं, "तुम्ही, तुमची भरलेली पिशवी, आणि तुम्ही चढावर उभं राहून जोर लावलात, तर जेवढा भार येईल तो तबकडीवरची ही लाल रेघ. नियमानं आपण त्याच्या दुप्पट मागतो. ती दुसरी लाल रेघ. तिच्याआधी हा मोडला, तर दुसरा मी तुम्हाला देणार नाही. तुमच्या लेकीनं रडून दाखवलं तरी."

घाईबाई रडत नव्हती. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते आणि एकटक काट्याकडे बघत होती. सर तिला म्हणाले, "चल, यंत्राचं चाक फिरव. हळू. तुझ्या मानानं नाही, माझ्या मानानं हळू."

ती चाक फिरवू लागली.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग भार वाढला. लोखंडी बोट नेमकं माझ्या कडेवर टेकलं होतं, पाय वाकडा पडला तर जिथं पडेल तिथंच. माझे कान ताणले गेले. पहिली लाल रेघ आली आणि मागे गेली. वर्गात कुजबूज झाली. माझ्या पोटातली जाळी कुरकुरायला लागली, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. माझी चरी आठवली. वाटलं, इथूनच उकलणार मी, थोरल्यासारखा. आणि मी उकललो तर त्या खाकीतल्या बाईची घंटी कायमची बंद.

मग कळलं, भाऊ काय म्हणत होता. तो टोचून बोलला नव्हता. पेडलवर त्याला बसायचं होतं, पण तो बसणार की नाही हे माझ्या हातात होतं. त्याला हमी देणारा मी एकटाच होतो. मी ठरवलं, आता सुटायचं नाही. एका कानातून निघून दुसऱ्या कानात गेलेल्या प्रत्येक धाग्याला मी म्हणालो, धर.

दुसरी लाल रेघ आली. घाईबाईचा हात चाकावर थांबला. काटा रेघेवर होता आणि मी होतो तिथं होतो.

"झाला पास," आई म्हणाली. "बास ना आता. कशाला मोडता बिचाऱ्याला?"

"मोडल्याशिवाय कळत नाही, कसा मोडतो ते," सर म्हणाले. "कसा मोडतो ते कळलं, की तो किती दिवस साथ देईल ते कळतं."

आई पुढे आली, लेकीला बाजूला सारलं आणि स्वतः चाकाला हात घातला. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "माफ कर हं बाळा." आणि चाक फिरवलं. रोज टपालाची पिशवी उचलणारे हात ते. काटा रेघेच्या पुढे गेला. आणखी पुढे. तिप्पट झाला. मुलं बाकं सोडून जवळ आली. मागच्या बाकावरचा तो वात्रटही पुढे येऊन उभा राहिला आणि काट्यावरचे आकडे मोठ्यानं वाचू लागला.

मग मी मोडलो.

काय आवाज झाला म्हणून सांगू! खोलीभर घुमला. थोरल्याचा कट्‌ कुठे आणि माझा आवाज कुठे. आणि वर्गानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सरांनी माझे दोन्ही भाग उचलून उजेडात धरले. माझी मोडलेली जागा सपाट नव्हती. ती दातेरी होती, धागे तुटून बाहेर आलेले, फाटलेल्या दोरखंडासारखे. आणि चरी? चरी होती तशीच, जिथल्या तिथं. तिथून मी एक केसभरही उकललो नव्हतो.

"थरातून सुटला नाही," सर म्हणाले. "धागा न्‌ धागा तुटेपर्यंत धरून राहिला." त्यांनी दुसरा, म्हणजे माझा भाऊ, घाईबाईच्या हातात दिला. "हा ने. घाईनं ने, हरकत नाही."

आता मात्र ती रडली. आईनं तिला जवळ घेतलं, पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाली, "पुरे. नाक पूस. पेडल बसवायचंय." जाताना तिनं माझा एक अर्धा भाग उचलून खिशात टाकला. सरांना विचारलंही नाही.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपाल कचेरीच्या आवारात हजर होतो, खाकी खिशात, बटणाखाली. पायऱ्यांवर पोस्टमास्तर आणि सगळी कचेरी उभी होती. ज्याला तिचा भाग मिळणार होता, तो टपालवालाही होता. सायकलच्या उजव्या पेडलवर माझा भाऊ पट्टा आवळून बसला होता. घंटी होती तिथंच होती. लेकीनं ती काढलीच नव्हती.

भरलेली पिशवी खांद्याला लावून आईनं सायकल धरली. डावा पाय जमिनीवर, उजवा भावावर. आणि ती थांबली. तिचं काळीज मला ऐकू येत होतं, खिसा त्याच्यावरच होता. गल्लीतलं ते पडणं तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. तिचा हात खिशाकडे आला आणि तिनं मला बाहेरूनच चाचपलं. माझी दातेरी कडा तिच्या बोटाला टोचली. तुमचा विश्वास बसो न बसो, मी तिला मुद्दाम टोचलो.

तिनं रेटा दिला.

सायकल एकदा लटपटली. घाईबाई धावत शेजारी गेली आणि तिनं मागून सीट धरली. आई मान न वळवता म्हणाली, "सोड गं. सायकल मी तुला शिकवली, तू मला नको शिकवूस."

तिनं सोडली. सायकल सरळ झाली. भाऊ वर आला, खाली गेला, वर आला, आणि दर खेपेला आईचं सगळं वजन त्यानं मुकाट्यानं घेतलं. शहाणा आहे माझा भाऊ. आवाराची एक फेरी झाली. पोस्टमास्तरांनी मान डोलावली आणि थांबायची खूण केली. आईनं ती बघितली, मी सांगतो बघितली. पण ती थांबली नाही. तिनं दुसऱ्या फेरीला सायकल फाटकाकडे वळवली.

"अहो, कुठे निघालात?" पोस्टमास्तर ओरडले.

"पिशवी भरलेली आहे साहेब," ती म्हणाली. "परत काय आणायची?"

आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. मागून सगळी कचेरी हसत होती, तो दुसरा टपालवालासुद्धा. चढ लागला तेव्हा ती पेडलवर उभी राहिली. दोन्ही पाय, पूर्ण भार. मला दुसरी लाल रेघ आठवली आणि मी निर्धास्त झालो. आम्ही तिच्या कितीतरी अलीकडे होतो. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी तिनं दोनदा घंटी वाजवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक खिडकी उघडली. मग समोरची. मग एकापाठोपाठ एक सगळ्या. एक म्हातारे गृहस्थ तसेच अनवाणी दारात आले.

"अगं, तू?"

"मीच. तुमचं आज पत्र आहे. जावयाचंच आहे. फोन केलात वाटतं?"

त्यांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं. ती झटकन पुढच्या दाराकडे वळली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. भावाच्या पाठीवरच्या खाचा झिजल्या आहेत, घाईबाई त्याच्यासाठी नव्या खाचांची पट्टी छापणार आहे, जुळी, अर्थात. मी आईच्या पिशवीत अर्धा, फळीवर अर्धा. कार्यशाळेत नवी मुलं येतात, चकचकीत प्रिंटरकडे धावतात, आणि कोणीतरी फळीकडे बोट दाखवून विचारतंच, "सर, हा मोडका तुकडा इथं कशाला ठेवलाय?"

"तो मोडला म्हणून एक बाई रोज सायकल चालवते," सर सांगतात, आणि पुढचं सांगत नाहीत.

पुढचं मी सांगतो. मुलांनो, तुमच्या हातात फार वेगवान यंत्रं आली आहेत. मनात आलेलं तुम्हाला संध्याकाळी हातात धरता येतं. खुशाल धरा. पण ते दुसऱ्याच्या पायाखाली देण्याआधी त्याचा एक जुळा भाऊ मोडून बघा, आणि मोडताना डोळे मिटू नका. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्यातल्या एखाद्याला तर असं मोडण्यातच सगळं मिळून जातं.

आता जरा थांबा, तिची वेळ झाली. कॉलेजचं फाटक तिच्या वाटेवर आहे. तिथं तिला कोणाला पत्र द्यायचं नसतं, तरी ती रोज तिथं दोनदा घंटी वाजवते. पिशवीतला मी ती जवळून ऐकतो, फळीवरचा मी खिडकीतून. कार्यशाळेत घाईबाई मान वर करते आणि परत कामाला लागते. तेवढ्या वेळापुरता मी अख्खा असतो.